परत आणलेले अब्बा

शाझिया अँब्युलन्सवरचं काम शिकायला सांगलीला निघाली तेव्हा अत्तारांच्या घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. तिचा थोरला भाऊ मुजीब सरळ विरोधात होता. रस्त्यावर पडलेली माणसं उचलायची, रक्तात हात घालायचे, अनोळखी पुरुषांच्या छात्या दाबायच्या, हे काय पोरीच्या जातीचं काम हाय का, असं तो जेवताना म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला. अम्मी, म्हणजे हुसेनबी, काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मुजीबच्या बाजूचं होतं, हे सगळ्यांना कळत होतं.

अब्बांनी तेवढी मान डोलावली. लियाकत अत्तारांचं म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान होतं. कुंकू, बुक्का, गुलाल, खोबरं, उदबत्ती. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. बोटांच्या रेघांत गुलाल असा बसलेला की ईदच्या दिवशी अत्तर लावलं तरी हात लालच दिसायचे.

"बघू तर दे तिला," ते मुजीबला म्हणाले. "न्हाईच जमलं तर दुकान हायच की. कुठं पळून चाललंय?"

विश्रामबागेत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचा वर्ग भरायचा. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर कमरेपर्यंतच्या रबरी बाहुल्या. शिकवायला लालासाहेब सर. फौजेत वैद्यकीय पथकात हवालदार होते, निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं अँब्युलन्सवर काढली. गुडघ्यांनी साथ सोडली तसे शिकवायला आले. त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा.

"दाब. आणखी दाब. छाती हाय ती माणसाची, चपातीची कणीक न्हवं! बरगडी मोडली तर मोडू दे, ती जुळती. पर मेंदूला रक्त पोचलं न्हाई तर त्यो जुळत न्हाई. थांबायचं न्हाई. कोण काय म्हणतंय तिकडं ध्यान द्यायचं न्हाई."

शाझियाचे हात बारीक होते. सुरुवातीला तिच्या दाबण्यानं बाहुलीच्या छातीतला खटका वाजायचाच नाही. मग तिनं खांदे सरळ हातांच्या वर आणून अंगाचा भार टाकायला शिकून घेतलं. खटका वाजायला लागला. सर तिच्या मागे उभे राहून काही न बोलता पुढे जायचे. ते काही बोलले नाहीत म्हणजे बरोबर आहे, असा त्या वर्गातला अर्थ होता. अँब्युलन्सवर शिकाऊ म्हणून पाठवायला लागले तेव्हा पहिल्याच अपघाताला ती रस्त्याकडेला जाऊन ओकली. दुसऱ्या वेळी ओकली नाही. असं करत करत ती त्यात मुरायला लागली होती.

मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा असते. तेव्हा दुकानात सगळ्या घराचे हात लागतात, म्हणून ती सुट्टी काढून म्हसवडला आली. रथाच्या दिवशी दुपारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक मूठमूठ गुलाल नि खोबरं रथाच्या दिशेनं उधळत होते, हवाच लाल झाली होती. शाझिया घरून जेवणाचा डबा घेऊन गर्दीतून वाट काढत दुकानात पोचली. गल्ल्यावर मुजीब एकटा, समोर गिऱ्हाइकांची झुंबड.

"अब्बा कुठं हायत?"

"मागं गेल्यात. गुलालाचं पोतं आणाय."

"कवा गेले?"

"आत्ताच," मुजीब मान वर न करता म्हणाला.

दुकानामागे मालाची खोली होती. खिडकी नसलेली. शाझियानं दिवा लावला. अब्बा पोत्यांच्या मधल्या बोळात उताणे पडले होते. पोतं ओढताना फाटलं असावं, कारण तोंडावर, छातीवर सगळा गुलाल सांडला होता. ती हाका मारत गुडघ्यांवर बसली. त्यांच्या ओठांचा रंग कसा झालाय ते तिला दिसेना. ओढणीनं तोंड पुसलं तेव्हा खालून निळसर ओठ आले. श्वास नव्हता. गळ्यावर बोटं ठेवली, तिथंही काही नव्हतं.

तिनं मुजीबला एकच हाक मारली. मग हात छातीवर ठेवले आणि दाबायला लागली.

बाहुलीची छाती आणि बापाची छाती यात फरक असतो. दाबता दाबता खाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तिच्या तळहाताला तो कळला. ती थांबली नाही. मुजीब दारात आला, त्याच्या मागे शेजारचे नारळवाले हरिबा, त्यांच्या मागे आणखी लोक. कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावला.

"पोरी, सोड आता," हरिबा हळूच म्हणाले. "गेलाय त्यो. कशाला त्याच्या जिवाला तरास?"

ती मोजत होती. तोंडानं श्वास देत होती. तिच्या ओठांना गुलाल लागला, जिभेवर त्याची कडवट चव आली. पुन्हा आवाज झाला तसा मुजीबनं खाली वाकून तिच्या दंडाला धरून ओढलं. "हाडं मोडतीयास तू अब्बांची! सोड! सोड म्हणतो ना!"

तिनं कोपर मारून त्याला मागे ढकललं. आयुष्यात तिनं भावावर हात उचलला नव्हता. तो मागच्या पोत्यांवर जाऊन आदळला आणि तसाच बसून राहिला.

गर्दीमुळे अँब्युलन्स लांबच अडकली. हरिबांनीच मग रस्त्यावर ओरडून पोरांकडून वाट करून घेतली आणि गाडीतले डॉक्टर शॉकचं यंत्र छातीशी धरून पळत आले. शॉक दिला. पुन्हा दाबणं. पुन्हा शॉक. मग डॉक्टर गळ्यावर बोटं ठेवून थांबले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "आली. नाडी आली."

"नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" हरिबा ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेरच्या लोकांना काय झालंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही ओरडून साथ दिली. शाझिया भिंतीला टेकून बसली. ती हसत होती.

साताऱ्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. ती याच क्षेत्रातली आहे हे त्यांना कळलं होतं, म्हणून ते सरळच बोलले. "तू सुरू करायच्या आधी हृदय किती वेळ बंद होतं?"

"माहीत नाही सर."

"अंदाजे?"

तिनं बाहेर येऊन मुजीबला विचारलं. "तू आत्ताच म्हणालास. आत्ताच म्हंजे किती वेळ?"

मुजीबनं जमिनीकडे पाहिलं. "गिऱ्हाईक होतं गं," तो म्हणाला. "लय गिऱ्हाईक होतं."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

अब्बांना घरी आणलं तेव्हा ते स्वतः श्वास घेत होते. डोळे उघडायचे, मिटायचे. उघडे असले की छताकडे, भिंतीकडे, कधी माणसाकडे लागायचे, पण त्या नजरेत कुणी शिरत नव्हतं. नाकातून नळी होती, तिच्यातून अम्मी पेज सोडायची. हाताची बोटं आत वळून घट्ट झाली होती. मेंदूला बराच वेळ रक्त मिळालं नाही, सुधारणा होईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं. पहिले दिवस सगळ्यांनी त्यातला 'होईलच' एवढाच शब्द धरून ठेवला. मग तोही सुटला.

नातेवाईक, गिऱ्हाईक, यात्रेतले ओळखीचे लोक बघायला यायचे. लेकीनं बापाला मरणातून ओढून आणलं, ही गोष्ट गावभर झाली होती. येणारे आधी शाझियाच्या डोक्यावरून हात फिरवायचे, मग खोलीत जायचे. खोलीतून बाहेर आल्यावर तिच्याकडे न बघता चपला घालायचे.

ती सांगलीला परतली तर वर्गात सत्कार ठेवलेला. शाल, नारळ, टाळ्या. लालासाहेब सर पहिल्यांदाच कुणाचं तरी तोंडभरून कौतुक करत होते. "आपल्या वर्गातली पोरगी हाय ही. बाहुलीवर शिकली ते सख्ख्या बापावर करून दाखवलं. हात कापला न्हाई तिचा. ह्याला म्हणत्यात शिकणं."

टाळ्या थांबल्यावर एका मुलीनं विचारलं, "आता कसे आहेत गं काका?"

"घरी आहेत," शाझिया म्हणाली. ते खोटं नव्हतं.

पुढे नवी मुलं आली की सर तिला उभं करायचे आणि तीच गोष्ट सांगायचे. तिला ते नको झालं होतं, पण कसं सांगावं कळेना. शेवटी एक दिवस वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "सर, माझी गोष्ट सांगत जाऊ नका."

"का गं? लाजतीयास?"

"तुम्ही एकदा म्हसवडला या."

सर खरंच आले. रविवारी सकाळी, एसटीनं, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. अम्मीनं डोक्यावर पदर ओढून त्यांना आत नेलं. सर पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. अब्बांचे डोळे उघडे होते. सरांनी सवयीनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, मग बोटं काढली आणि तळहात तसाच धरून ठेवला. "लियाकतभाई," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. वर्गातला तो आवाज नव्हता. अब्बांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, मुजीबनं पुढे होऊन फडक्यानं टिपली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहिला.

चहा न पिताच सर बाहेर ओट्यावर आले. शाझिया त्यांच्या मागे आली. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातच राहिला होता.

"सर, माझं काही चुकलं का?"

"न्हाई. तू केलंस ते बरोबर केलंस."

"मग हे असं का?"

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सर थांबले. "मी लय माणसं आणली गं अशी. दवाखान्याच्या दारात सोडायची नि गाडी माघारी फिरवायची. आपलं काम झालं. पुढं त्यांचं काय झालं ते बघाय मी एकदाबी गेलो न्हाई." जरा वेळानं म्हणाले, "मला वाटायचं, सगळी बरी हून घरी गेली असतील."

ते एसटी थांब्याकडे चालत निघाले. गुडघ्यांमुळे हळू चालत होते. त्यानंतर त्यांनी वर्गात तिची गोष्ट सांगितली नाही. शिकवताना ओरडणंही कमी झालं होतं, असं बाकीची मुलं म्हणायची.

घरी सगळ्यात जास्त काम मुजीब करायचा. हे शाझियाला वाटलं नव्हतं. दुकान उघडायच्या आधी तो अब्बांचं अंग पुसायचा, दाढी करायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायचा. हे सगळं शाझियानंच त्याला शिकवलं होतं. तो एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. वस्तरा फिरवताना तो दुकानातल्या गोष्टी सांगायचा, कोणता माल संपला, कोण भेटलं. उत्तर येणार नाही हे धरूनच बोलायचा.

एका सुट्टीत ती त्याच्यासोबत चादर बदलत होती. दोघांनी मिळून अब्बांना कुशीवर घेतलं. त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की एकट्यालाही जमलं असतं. मुजीब त्यांच्या पाठीवर पावडर लावता लावता म्हणाला, "त्या दिवशी मी तुला वढत होतो ना."

"हं."

"जोर कमी लावला मी."

शाझियानं चादरीची कड गादीखाली खोचली. तिला वाटलं तो आणखी काही बोलेल, चिडेल, आणि मग तिलाही चिडता येईल.  त्यानं अब्बांना हळूच उताणं केलं, डोक्याखाली उशी नीट केली आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन गेला.

अम्मी मात्र त्याहून सरळ बोलली. उन्हाळ्यात अब्बांच्या नाकातली नळी बदलायची होती. शाझिया ती घालत होती आणि अब्बा घशातून आवाज काढत होते. शब्द नव्हता तो. जनावर अडकल्यावर काढतं तसा आवाज. अम्मी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"त्यांना काय वाटत असंल गं?"

"काय वाटत नाही अम्मी. डॉक्टर म्हणालेत, त्यांना कळत नाही."

"न कळता कोण असं वरडतंय?" अम्मी म्हणाली. "दुकानात गेले होते. आपल्या मालात. नाथाच्या रथाच्या दिवशी. लोक म्हणाले असते, भलं मरण आलं लियाकतला. अल्लानं त्यांना बोलावलं हुतं. तू मधी का आलीस?"

शाझियानं नळीची पट्टी गालावर चिकटवली. हात धुतले. मग मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसली आणि ओढणी तोंडात कोंबून रडली. अम्मीला ते आत ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. संध्याकाळी अम्मीनं तिच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि तिच्या डोक्याला तेल लावायला बसली.  अम्मीची बोटं तिच्या केसांत जरा जास्तच वेळ फिरत राहिली.

पावसाळा सरता सरता अब्बांना ताप आला. छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं, औषधं झाली, थोडं उतरलं, घरी आणलं, पुन्हा कफ भरला. गावातले डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मुजीबला बाहेर नेऊन सांगितलं, न्यायचं तर साताऱ्याला न्या, पुन्हा श्वासाचं यंत्र लावतील. काय करायचं ते घरच्यांनी ठरवा. मुजीब आत आला आणि अम्मीकडे बघत राहिला. अम्मी म्हणाली, "आता कुठं न्यायचं न्हाई."

शाझिया निरोप मिळाल्यावर सांगलीहून आली. तिनं अब्बांचं डोकं उंच केलं, कफ ओढून काढला, ओठ ओल्या कापसानं पुसले. सकाळभर श्वासाची घरघर चालू होती. दुपारी ती थांबली आणि श्वास लांब लांब पडायला लागले. हे काय आहे ते तिला माहीत होतं. अम्मी एका बाजूला बसली होती, मुजीब पायांशी. शाझिया कुराणातली यासीन पढायला लागली. मधेच एक श्वास आला नाही. ती पढायची थांबली. सगळे थांबले. मग आला. पुन्हा बराच वेळ आला नाही.

तिचे हात उठले. तिनं उचलले नाहीत, ते आपोआप उठले. एक तळहात दुसऱ्यावर, कोपरं ताठ. ती गुडघ्यांवर उठून पलंगावर वाकली. तेवढ्यात अम्मीनं तिचं मनगट धरलं. घट्ट नव्हतं धरलं, सोडवता आलं असतं. अम्मी तिच्या तोंडाकडे बघत होती. रागानं नाही. पायांशी बसलेला मुजीब हलला नाही.

शाझियानं हात खाली आणले आणि अब्बांच्या छातीवर नुसते ठेवले. जिथं बरगड्या मोडून जुळल्या होत्या तिथं हाताला उंचवटा लागत होता. खालून काही हाललं नाही. तिनं यासीन जिथं सोडली होती तिथून पुन्हा सुरू केली आणि शेवटपर्यंत पढली.

रात्री, इशाच्या नमाजानंतर दफन झालं. हरिबांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत गेले.

 पलंग काढल्यामुळे खोली रिकामी वाटायची, तरी अम्मी त्याच भिंतीशी बसायची. औषधांच्या वेळा झाल्या की उठायची आणि मग आठवून पुन्हा बसायची. शाझिया सांगलीला जाऊन परीक्षा देऊन आली. पास झाली. खंडाळ्याजवळ, हायवेवरच्या अँब्युलन्सवर तिची नेमणूक झाली. मुजीबला तिनं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिकडं थंडी असती. स्वेटर घे." एवढंच.

चाळिसावं झालं. दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं. ती बॅग भरत होती तेव्हा अम्मी दारात येऊन उभी राहिली. 

"एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी, मी तुझा हात धरला तवा. न धरला असता तर..." अम्मीनं चौकटीवरचा नसलेला धुरळा बोटानं पुसला. "परत आले असते का ते?"

शाझियाच्या हातात घडी घातलेला गणवेश होता. आले असते, कदाचित. तासाभरासाठी, दिवसाभरासाठी. कदाचित नसतेही आले. तिलाही ते कळायला मार्ग नव्हता आणि रोज रात्री झोपताना ती तेच विचारत होती स्वतःला. पण अम्मीच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, या घरात आता हा प्रश्न एकाच माणसाकडे राहिला तर पुरे आहे.

"न्हाई अम्मी," ती म्हणाली. "तेव्हा संपलंच होतं. काही उपयोग झाला नसता."

"नक्की?"

"मी शिकलीय ना ते. नक्की."

अम्मीनं मोठा श्वास सोडला. तिथंच उंबऱ्यावर बसली. "मग बरं," असं म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत उठून स्वयंपाकघराकडे वळली, शाझियाच्या प्रवासाच्या भाकऱ्या करायला.

शाझियानं गणवेश बॅगेत ठेवला. वर स्वेटर ठेवला. बॅगेची चेन ओढली आणि भाकऱ्या थापायला अम्मीशेजारी जाऊन बसली.